अर्ध्यावर

नगरपालिकेपुढे सात खांब आहेत.
झेंडे चढवणं-उतरवणं माझ्याकडे,
एकोणीस वर्षं झाली.
एक आमचा, एक युरोपचा, एक लष्करी कराराचा,
आणि चार त्या देशांचे
ज्यांची पोरं दाउगावा नदीपलीकडच्या बराकीत राहतात
आणि शनिवारी बेकरीतला सगळा राईचा पाव संपवतात.

गुरुवारी औषधाच्या दुकानासमोर
झिंत्रा काल्वेबाईंना कुणीतरी भोसकलं.
कुणीतरी कशाला, राइतिसनं.
माझ्या मुलीच्या वर्गातला.
आमच्या टेबलाशी बसून सूप प्यायलेला,
सायीला नाक मुरडणारा.

पहाटे बाई गेल्या.
सातला पहिला फोन : झेंडा अर्ध्यावर आण.
सव्वासातला दुसरा : हात तर लावून बघ,
देश विकायला निघालेली बाई ती.
मग महापौर : इल्ग्वार्स, जरा थांब.
सभागृहात सहा विरुद्ध सहा.
तेरावी खुर्ची बाईंचीच.

थांबलो. उणे अकरा होतं.
बराकीतून सार्जंट इन्यिगो आला, टोपी काढून विचारलं,
तुमचा खाली आला तर आमचाही आणायचा ना?
करारात काय लिहिलंय?

करारात लिहिलंय,
एकावर वार म्हणजे सगळ्यांवर वार.
पण तो वार बाहेरून यायला हवा,
सीमा ओलांडून, शक्यतो रणगाड्यातून.
सुरी आपल्याच गल्लीतून आली
तर कुणी कुणाच्या मदतीला धावायचं,
ते कलम मला सापडलं नाही.
त्यालाही नाही.
आम्ही एक सिगारेट दोघांत ओढली.

दुपारी हुकूम आला : आण खाली.
दीड मीटर आला आणि अडकला.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
ही तर नायलॉनची दोरी,
पिळासकट गोठलेली.
चौकात दोन्हीकडचे लोक जमले.
इकडच्यांनी फोटो काढला : बघा, उतरवला.
तिकडच्यांनी काढला : बघा, उतरवला नाही.
दोघांनी मलाच शिव्या घातल्या,
एकानं लाटवियनमधून, दुसऱ्यानं रशियनमधून.
दोन्ही मला नीट कळतात. बायको झोया रशियन आहे.

घरी ती स्वयंपाकघरात तिचा टीव्ही लावते,
मी बैठकीत माझा.
एकच मेलेली बाई दोन खोल्यांत
वेगवेगळ्या कारणांनी मेली.
मधल्या दाराशी मांजर बसून होतं.

रात्री वारा सुटला
तेव्हा आठवलं, टेबलाच्या खणात
काल्वेबाईंचा अर्ज पडलाय, दोन वर्षांपूर्वीचा.
समोरच राहायच्या त्या.
‘दोरी रात्रभर खांबावर आपटते,
झोप लागत नाही. कृपया काहीतरी करावं.’
खाली सही, आणि कंसात : घाई नाही.

कोट चढवला, उठून गेलो.
सातही खांबांशी.
सहा दोऱ्या सुतळीनं बांधल्या.
सुतळी संपली.
आमच्या खांबाला गळ्यातला मफलर गुंडाळला,
कान लावून बघितलं.

समोरच्या खिडकीत दिवा नव्हता.
झेंडा होता तिथंच.