कोरडा दिवस

घोडके साहेबांनी पांढऱ्या बशीत पाणी ओतलं
आणि वरून टॉर्च मारला.
महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून
आम्ही एकवीस जणी वाकलो.
"बघा, डोकं खाली, शेपूट वर.
श्वास शेपटीनं घेतात."
मेहरून म्हणाली, "माझ्या दिरासारखं. सगळंच उलटं."

मग फॉर्म वाटले :
घर नंबर. भांडी किती. तपासली किती.
आळ्या : होय / नाही.
"पहिलं घर स्वतःचं लिहा."
आम्ही बसल्या जागीच लिहिलं, नाही.
एकवीस वेळा नाही.

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा."
"आमचे मालक ड्राय डेलासुद्धा पाळत नाहीत, साहेब,"
सुगलाबाई मागून.
हसू ओसरल्यावर कौतिकानं विचारलं,
पाणी पहाटे चारला, तेही एक दिवसाआड,
जनता वसाहतीत वरच्या गल्लीला चढतच नाही,
भरलेलं पिंप ओतायचं
ते कुणाच्या जिवावर?

साहेबांनी चष्मा पुसला.
त्यांच्या तक्त्यात ह्याचं पान नव्हतं.

तेव्हा सुगलाबाईच उठल्या.
"ओतायचं कशाला? जुनं धोतर दुहेरी करा,
गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, मग पिंप घासा."
"कड घासा," साहेब घाईनं म्हणाले,
"अंडी कडेला चिकटतात. वाळली तरी मरत नाहीत,
महिनोन् महिने पाण्याची वाट बघतात."
आणि धोतराचं त्यांनी
तक्त्याच्या मागं पेनानं लिहून घेतलं.

गुरुवारी शिलेदार काकांच्या खिडकीत
करवंटी टांगलेली. पाणी वळवळत होतं.
"चिमण्यांसाठी आहे, ओतू नकोस."
"येतात का चिमण्या?"
"अजून नाही आल्या."
मी पायरीवर ओतलं, बोटानं कड घासली,
माझ्या बाटलीतलं पाणी भरून पुन्हा टांगली.
दर गुरुवारी येईन म्हटलं.
"ये की. त्यांच्या आधी तूच आलीस."

रात्री, सगळे झोपल्यावर,
मी आमचा फ्रिज ओढला.
मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी.
टॉर्च मारला.
डोकं खाली, शेपूट वर.

मागच्या भाद्रपदात धाकट्याला ससूनला नेला,
प्लेटलेट अठरा हजार.
तेव्हा मी नाल्याला शिव्या घातल्या,
नगरसेवकाला घातल्या,
वरच्या गल्लीतल्या टायरवाल्याशी
अजून बोलत नाही.

ट्रे मोरीत नाही, अंगणातल्या मातीत उपडा केला.
काथ्यानं घासला.
हात तीनदा धुतले, चौथ्यांदा कशासाठी ते कळलं नाही.

पुढच्या बैठकीत फॉर्म गोळा होताना
पहिल्या ओळीवर खाडाखोड दिसली.
माझ्या. कौतिकाच्या. आणखी खूप जणींच्या.
कुणी कुणाकडं बघेना.
साहेबांनी गठ्ठा सुतळीनं बांधला,
काही विचारलं नाही.
मेहरून तेवढी माझ्या कानाला लागली,
"चौदा. मोजले मी."
आणि जरा थांबून,
"माझा धरून."