शेवटाक जो चडता

संध्याकाळची तर अजून मुणग्याच्या काठालाच आहे.
आचऱ्याच्या धक्क्यावर बसून मी तपासतोय
आठवी ब, निबंध: माझे घर.

सुलक्षा कोयंडे लिहिते,
'बाबांनी दारू, जाळं आणि आम्हाला सोडलं.'

लाल पेन सवयीने पुढे गेलं.
एका क्रियापदाच्या डोक्यावर तीन हारे?
समासात लिहिलं: वाक्ये वेगळी कर.
मग मनातल्या मनात मीच करून पाहिली.
बाबांनी दारू सोडली. (बरं झालं.)
बाबांनी जाळं सोडलं. (पाण्यात, की कायमचं?)
बाबांनी आम्हाला सोडलं.
तीन वाक्यं, तीन पूर्णविराम,
वाळत घातलेल्या बांगड्यांसारखी
एकमेकांना न शिवता.
तिच्या वाक्यात मात्र दारू सुटल्याचा आनंद
जाळ्यापाशी अडखळतो
आणि शेवटच्या शब्दाला पोचतो तेव्हा
त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

गेल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं,
'काकूंनी तुळशीला दिवा, पोरांना शिस्त
आणि दाराला कुलूप लावलं.'
वर्ग हसला. कुलपाशी हसला, दिव्याशी नाही.
मी सांगितलं: दिवा लावला, शिस्त लावली,
पण क्रियापद ऐकतं ते शेवटच्याचं.
आपल्या भाषेत ते येतंही सगळ्यांच्या मागून,
तोवर नामं धक्क्यावर ताटकळतात
एकमेकांची ओळख नसल्यासारखी.
सुलक्षा तेव्हा हसली होती का,
आठवत नाही.

तर लागली. बर्फाची पेटी चढली,
एक शेळी, पत्रिका वाटत फिरणारा
नवरदेवाचा मामा, कुणाची तरी शिलाई मशीन.
इतकं सगळं एकत्र चालतं?
बाबल तारी काठीने तळ चाचपत म्हणाला,
'चलता, मास्तर. तरीक काय, सगळी सारकीच.
पण शेवटाक जो चडता, तेच्याकडे ती कलता.'

आम्हाला.
त्या 'ला'मुळे तर क्रियापद
कुणाच्याच लिंगावचनाला बांधलेलं राहत नाही.
नुसतं सोडलं.
मागे किती राहिले, मुलगे की मुली,
त्यावरून काहीच कळत नाही.

समासातलं माझं वाक्य खोडलं.
गुण द्यायचे राहिले.
लाल पेन, वह्या आणि तोल सांभाळत
मी चढलो,
शेवटचा.