धरून ठेवलेलं

ग्रिम्स्बी. रात्रीचे दोन चाळीस.
मासळीबाजाराच्या वरच्या खोलीत मी, सर्व्हर,
आणि एक हीटर, जो फक्त माझ्या डाव्या पायाला ओळखतो.
सात वाजता लिलाव. त्याआधी
हॅडकच्या पेट्या काट्यावर चढतील
आणि काट्याला बोलता आलं पाहिजे.

अपग्रेड अर्ध्यावर फतकल मारून बसलंय.
एकाला लायब्ररी नवी हवी,
दुसऱ्याला तीच जुनी, तिसऱ्या टिंबापर्यंत जुनी,
आणि दोघी एका घरात नांदणार नाहीत.
मी याद्या वाचते: कोण कुणावर टेकलंय,
कोण कुणाच्या जिवावर उड्या मारतंय.

मिरजेला, शालूताईच्या लग्नात, असंच झालेलं.
धाकट्या मामांना नारळ आधी मिळाला
तर थोरले मामा थेट स्टँडवर.
त्यांच्यामागे मामी, मामींमागे त्यांच्या बहिणी,
बहिणींमागे पोरं,
आणि आचारी विचारतोय, मग पानं किती मांडू?

पडदाही तेच विचारतोय.
एकशे बेचाळीस पॅकेजेस काढून टाकू? हो की नाही?

नाही.
लेस्टरला एकदा हो म्हटलं होतं,
नोकरीच्या पहिल्या वर्षी, जेवायची घाई होती म्हणून.
उरला होता नुसता कर्सर, लुकलुकत,
चूक कुणाची ते ठाऊक असल्यासारखा.

काट्याचा प्रोग्रॅम डेरेक ऑल्डरटनचा.
मी इथे यायच्या आधीच तो गेला.
त्याचा आवाज मला माहीत नाही,
पण फाइलच्या माथ्यावर त्याची एक ओळ आहे:
हात ओले असले की बटण दोनदा दाबलं जातं,
दुसऱ्यांदाचं ऐकू नये.

दरवर्षी वरून पत्र येतं, हे जुनं फेका, नवं लिहा.
दरवर्षी मी ती ओळ वाचते
आणि पत्राला उत्तर द्यायचं राहून जातं.

थोरले मामा परत आले, पण मांडवात नाही.
शेजाऱ्यांच्या ओसरीवर,
वेगळ्या सतरंजीवर बसून जेवले.
श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

चार वाजून दहा मिनिटं.
जुन्या लायब्ररीला मी एक वेगळा फोल्डर देते,
काट्याच्या प्रोग्रॅमला सांगते, तुझं पान तिकडे.
बाकीचे सगळे भराभर वर चढतात,
एकमेकांकडे न बघता.
शेवटची आज्ञा: हे पॅकेज धरून ठेव.
आई मला हेच करू नकोस म्हणायची.

डेरेकच्या ओळीखाली माझी एक टाकते:
सतरंजी वेगळी ठेवावी.
मराठीत. बघू, पुढचा काय अर्थ लावतो.

पावणेसातला खाली ट्रेव्हर,
कोपरापर्यंत बर्फाचं पाणी,
पहिली पेटी ठेवतो, बटण दाबतो,
सवयीने पुन्हा दाबतो.

एकवीस किलो चारशे.
एकदाच.