अक्षरामागे

वेंगुर्ल्याच्या सिमितेरीत, पश्चिमेच्या गडग्यापाशी,
जिथे उंडीची फळं पडून कुजतात
आणि बंदरावरच्या सुक्या मासळीचा वास
कुणाला न विचारता आत येतो,
तिथे धर्माचा फोंड.
क्रूस एक, सिमेंटचा. नाव नाही.

बापाला आणलं तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पेटी इगर्जीची, सगळ्या गरिबांत मिळून एक,
तळाला बिजागरी.
खिट्टी ओढली की माणूस खाली,
पेटी वर, पुसून परत कोठीत.
ती खिट्टी मला एकवीस वर्षं जहाजावर ऐकू यायची,
केबिनचं दार लावताना.

आता पैसे आहेत.
कुडाळला काळा ग्रॅनाइट बघून ठेवलाय.
सान्तान फावडं टेकवून म्हणाला,
"कोणाच्या डोक्यार घालतलस?
भितर एकच घर आसा, खोल्यो घातल्यो नाय."

पाद्रींनी वही काढली. कसरीने खाल्लेला कोपरा,
शेवटच्या रकान्यात खालपर्यंत : धर्मार्थ.
मिंगेल, रापणीवरचा.
चार महिन्यांनी रुजाय, काजूच्या कारखान्यातली.
तिची बोटं चिकाने जळलेली, हे वहीत नाही,
ती आम्हाला फुटके गर द्यायची, तेही नाही.
मग कुणाचं तरी तीन दिवसांचं मूल,
सुइणीने घाईत पाणी घातलेलं.
मग एक अनोळखी, मोचेमाडच्या वाळूत मिळाला.
'गळ्यात क्रूस असावा' असं लिहून
'असावा'खाली रेघ.

दोन नोव्हेंबरला आई एकच मेणबत्ती लावायची.
मला वाटायचं, काटकसर.
मी हट्टाने दुसरी मागायचो, बापाची वेगळी.
ती पदर आडोशाला धरून म्हणायची,
"वारो आसा. एकच टिकात."

पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो.
काना-मात्रा त्यातच, जोडाक्षराला दीडपट.
मिंगेल, तीन.
रुजाय, तीन.
मूल, दोन.
अनोळखी, चार.
सगळ्यात महाग तोच पडला.

"ह्यो तुमचो कोण?" पाथरवटाने विचारलं,
पेन्सिल कानावरून काढत.

मी नोटा पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या.
म्हटलं, बापाशीच्या वांगडा ऱ्हवता.

त्याने मान हलवली,
ओल्या फडक्याने दगड पुसला,
आणि खडूने आधी 'अनोळखी' आखून घेतलं,
जागा पुरते का बघायला.