उलटा त्रिकोण

पहिल्या दिवशी तांडेल सरांनी किल्ली हातात दिलीच नाही.
सीवूड्सच्या टोकाला, खारफुटीच्या कडेला, सकाळी सहाला
वॅगनआरच्या बॉनेटवर एक जुना तक्ता पसरला,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
"आधी आकार, मॅडम. रंग मागाहून.
गोल म्हणजे हुकूम, ऐकायचाच.
त्रिकोण नुसता सांभाळा म्हणतो.
चौकोन बिचारा माहिती देतो:
पेट्रोल कुठं, दवाखाना कुठं."

मी सत्तेचाळीसची, पतपेढीत हिशेब तपासते.
मनात म्हटलं, आमच्या घरी सासूबाई गोल, नवरा गोल,
मुलगी परवापर्यंत त्रिकोण होती, तीही गोल झाली.
चौकोन बहुतेक मीच:
डबा कुठं, चष्मा कुठं, विजेचं बिल कधी.

"आणि हा आठ कोनांचा एकटाच का?"
"पाठीमागून बघितला तरी कळावा म्हणून.
चिखल उडूं दे, कुणा भाऊंचा वाढदिवस चिकटूं दे त्यावर,
कडा मोजायच्या. थांबायचं."

मग बोट एका उलट्या त्रिकोणावर आलं.
लाल कडा, आत काहीच नाही.
"मार्ग द्या," मी वाचलं.
सर खाडीकडे बघत होते.
"हा आमाला पाठ हाय.
आजा मिठागरात. बाप अर्धा शेतात, अर्धा होडीवर.
सिडको आली तवा पाटी न लावताच मार्ग दिला आमी.
तुमी उभ्या हाव ना, तिथं आमचं खाजण."
दगड उचलले, तक्ता गुंडाळला.
"उद्या वेळेवर या."

वाशीच्या आरटीओत पडद्यावर पंधरा चित्रं आली.
चौदा बरोबर.
पुढे अरुंद पूल, की पुढे अरुंद रस्ता?
दोन्हीत रेघा आत वाकतात.
मला पूल दिसला. पूल नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात, करावे गावाजवळ,
हिरवा लागला. मी पाय दाबला
आणि गाडी जागच्या जागी गपकन थांबली.
त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, मी विसरलेच होते.
समोर झेब्र्यावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई,
अर्ध्यात पोचलेली, आमच्याकडे न बघता चालत होती.
पाटीतलं पाणी पांढऱ्या पट्ट्यांवर ठिबकत होतं.

"पण हिरवा होता, सर."
"हिरवा म्हणजे जा, असं कुणी सांगितलं?
हिरवा म्हणजे रस्ता रिकामा असला तर जा.
रिकामा हाय का, ते दिवा बगत नाय. तुमी बगायचं."
मागे हॉर्नांची जत्रा भरली.
ते आपले निवांत बोलत राहिले:
"खाडीत कुठले दिवे? बाप काठी रोवायचा, वर चिंधी.
चिंधीचा रंग कुणी विचारला नाय.
काठीच्या या बाजूला गाळ, त्या बाजूला पाणी.
काठी हलली तर? तर पाणी बगायचं."

काल पहिल्यांदा एकटी निघाले.
पाम बीचवर लाल. सहा वाजून दहा मिनिटं.
पोलीस नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही.
एक बाइकवाला बाजूने सुसाट गेला, वळून बघत,
जणू नियम मीच मोडला होता.
त्रेचाळीस. बेचाळीस.
डावीकडच्या सीटखाली ब्रेक नव्हता,
माझी पर्स होती, आणि नवऱ्याने आठवणीने ठेवलेली टॉर्च.
एकोणीस. अठरा.
इतका वेळ काहीही न करता
मी शेवटची कधी बसले होते?

हिरवा.
उजवीकडे बघितलं, डावीकडे,
मग पुन्हा एकदा, पाटीवालीसाठी.
कुणी नव्हतं.
क्लच घाईने सुटला, गाडी बंद पडली.

आरशात बस, कधी येऊन उभी राहिली कोण जाणे.
तिने हॉर्न वाजवला नाही.