रात्री दोनचा थेंब

डॉर्टमुंडला समुद्र नाही.
आहे तो माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
हाइडरुन वोल्नियाकच्या बैठकीत :
साडेचारशे लिटर, नळाचं गाळलेलं पाणी
आणि बादलीभर मीठ.
माझ्या छतावर त्याचा एक डाग आहे,
पावसाचा नाही हे चाखून पाहिलंय.

बिअरच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं
पाण्याचा जडपणा मोजला.
म्हणून शनिवारी सकाळी चष्मा पुसून बसते,
कुपीत पाच मिलिलिटर,
आणि एक थेंब, दोन थेंब,
सातव्याला निळं डळमळतं,
आठव्याला पिवळं.
झालं का पिवळं?
खिडकीशी नेते. नोव्हेंबरातला इथला उजेड
कुठल्याच रंगाची ग्वाही देत नाही.
वहीत लिहिते : आठ. पुढे बारीक अक्षरात : बहुधा.

जावई सेरहात यंत्र घेऊन आला.
सहाशे ऐंशी युरो.
"एवढ्यात माझे वरचे दात झाले असते," ती म्हणाली,
आणि त्याला चहा दिला.

यंत्र दर चार तासांनी घोटभर पाणी ओढतं,
आपल्याशीच थेंब टाकतं,
आकडा फोनवर पाठवतं.
पहिल्याच आठवड्यात कळलं :
दिवे लागले की पोवळी कामाला लागतात,
क्षार खात हाडं बांधतात,
संध्याकाळपर्यंत पाणी पार खाली येतं,
रात्री पुन्हा सावरतं.
"अकरा वर्षं," ती म्हणाली,
"मी यांना फक्त न्याहारीआधी भेटत होते."

मार्चमध्ये पहाटे तीनला फोन किंचाळला : चार पॉइंट एक.
ती झग्यावरच धावली, मी चप्पल शोधत मागून.
टॉर्चच्या उजेडात तिनं हातानं मोजलं.
आठ. बहुधा.
यंत्राच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता,
मोहरीएवढा.
क्षार सोडणारा पंप तिनं त्याच्या हाती दिला नव्हता,
नाहीतर सकाळी आम्ही चुन्याचं पाणी बघत बसलो असतो.

मे महिन्यात उलटं झालं.
यंत्र म्हणे साडेसहा, वही म्हणे आठ,
तीन आठवडे आठ.
जांभळ्या फांदीची टोकं पांढरी पडली
तेव्हा तिनं बाटली उलटी करून पाहिली :
मुदत संपून वर्ष झालेलं.
त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही.

सेरहातनं रविवारी विचारलंच,
फायद्याचं ठरलं का?
ती बटाटे सोलत होती.
"कारखान्यात एकटीनं मोजलेलं चालायचं नाही.
दुसरी सही लागायची.
गेर्लिंडे करायची. गेर्लिंडेला निम्म्या वेळा
काही कळायचं नाही.
पण ती विचारायची, नक्की ना?"
मग म्हणाली, "हे विचारत नाही.
सांगतं फक्त."
आणि थोड्या वेळानं,
"पण रात्री जागतं."

आता वहीत दोन रकाने आहेत.
फांदीची टोकं अजून पांढरीच,
मुळाशी मात्र जांभळा
हळूहळू वर सरकतोय,
निदान तिला तसं दिसतं. मला नाही दिसत.

झोप तिला कमीच.
रात्री दोनला मोटार उचकी देते,
ती अंधारात पडल्या पडल्या टकटक मोजते,
एक, दोन,
आठव्यावर थांबते.
ते आणखी एक टाकतं.