एक एन

मालवा मिलचा भोंगा अजून वाजायचा, तेव्हाची गोष्ट.
राजवाड्यामागच्या बोळात, झंवरशेठच्या दुकानात
माझे वडील कपांवर अक्षरं कोरायचे.
विश्राम वडके. विश्राम होता तो नावातच.

कबड्डी, मल्लखांब, आंतरशालेय वक्तृत्व,
गणेशोत्सवातली पाककला, पोस्टाचं कॅरम.
इंदुरात जो कुणी जिंकला
तो आधी बाबांच्या मांडीवर आडवा झाला,
पितळेचा, थंडगार,
आणि छिन्नीच्या टोकानं त्यांनी त्याच्या पोटावर लिहिलं:
विनर.
इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रं होती ती.
डब्ल्यू म्हणजे उलटे पडलेले दोन डोंगर,
आय म्हणजे खुंटी,
एन म्हणजे मोडका जिना. दोनदा.
ई म्हणजे कंगवा.
आर म्हणजे एक पाय पुढे टाकून उभा राहिलेला पोटाळ माणूस,
बहुधा शेठच.

एका नवरात्रात आईला सात दिवस ताप होता
आणि बाबांनी जिना एकदाच काढला.

कप परत आला. पोलीस लाईनीच्या व्हॉलीबॉलवाल्यांचा.
शेठ ओरडला नाही.
त्यानं वही उघडली, किंमत बाबांच्या नावापुढे मांडली,
चार हप्त्यांत.
असा तो कप आमचा झाला,
आमच्या घरात आलेला एकुलता एक.
बाबांनी त्याला आतून कल्हई लावली,
आई त्यानं तांदूळ मोजायची:
रोजचे दोन, पाहुणा आला तर तीन.

आता मी इंग्रजी शिकवते, विजयनगरच्या शाळेत.
परवा खजुरी बाजारात
पाठ सुटलेला एक कोश मिळाला, रद्दीच्या भावात,
शब्दांची कुळं सांगणारा.
तिथंच उभ्या उभ्या ‘विन’ काढला.

पूर्वी त्याचा अर्थ जिंकणं नव्हताच.
राबणं. झटणं. सोसणं. झुंजणं.
जिंकणं मागाहून आलं,
जसा शेठ अकराला यायचा,
झाडलोट झाल्यावर.
आणखी खाली, अगदी मुळाशी
आपल्या ‘वन्’ धातूचा सख्खा भाऊ निघाला:
हवंसं वाटणं, जीव लावणं.
त्याच धातूतून आपल्याकडे ‘वनिता’ आली.
म्हणजे तांदळाच्या डब्यापाशी
त्या शब्दाची चुलतबहीणच उभी होती इतकी वर्षं,
हातात कप घेऊन.

आणि हेही होतं, बारीक टायपात:
जुन्या इंग्रजीत तो शब्द लिहायचे तेव्हा
शेवटी दोन एन असायचे.
साहेबानं मधे कधीतरी एक गाळला.
हजार वर्षांत
त्याचा पगार कुणी कापला नाही.

बाबा आता एक्क्याऐंशीचे.
ओट्यावर बटले सोलत बसले होते.
मी सगळं सांगितलं, ओरडून, त्यांच्या बऱ्या कानात,
राबणं, सोसणं, जीव लावणं, दोन एन.
त्यांनी एक शेंग उघडली. आत अळी होती. बाजूला ठेवली.
“म्हणजे मी लिहिलं होतं ते बरोबर होतं का?”

आत शिकवणीची मुलं स्पेलिंगं घोकत होती.
मी इंग्रजीची बाई.
“नाही,” म्हटलं. “एक एन कमीच होता.”

“तेच,” ते म्हणाले, एकदम मोकळे होऊन,
“तेच मी तुझ्या आईला सांगून राहिलो होतो.
शेठचं काही चुकलं नव्हतं.”

मग सोललेले दाणे त्यांनी कपात ओतले.
अंगठा सवयीनं फिरला
खुंटी आणि जिना यांवरून, कंगव्यापाशी अडला.

“दीड कप,” ते म्हणाले.
“उद्याच्या पोह्यांपुरते झाले.”